मुठीत मावणारा मीटर

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे या पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांची खरी धावपळ ऐन पावसाळ्यात होते. गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे रंगकामाचा जोर आषाढ-श्रावणात, नेमका जमीन ओली आणि हवा चिंब असते तेव्हा. त्या दिवसांत एकेका शेडमध्ये एअरगनचा कंप्रेसर, मूर्ती सुकवायला पंखे आणि मोठे बल्ब, घासकामाला ग्राइंडर, रात्रपाळीचे दिवे, अशी सगळी उपकरणे दोनचार एक्स्टेन्शन बोर्डांवर चालतात. वायर मूर्तींच्या रांगांमधून जाते, तिच्यावर प्लास्टरची आणि शाडूची धूळ बसते, वरून रंगाचा फवारा. अशा जागी ‘इथे करंट आहे का, किती आहे, कुठे तुटला आहे’ हा प्रश्न रोजचाच, आणि तो विचारायचे पारंपरिक साधन म्हणजे खिशातला टेस्टर किंवा होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. आता त्यांच्या जोडीला ऑनलाइन मागवलेला छोटा मल्टिमीटर आला आहे. तो किती कामाचा आणि त्याच्यावर जीव किती टाकावा, एवढाच या आढाव्याचा विषय.

‘छोटा मल्टिमीटर’ या नावाखाली बाजारात बऱ्याच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पिवळ्या प्लास्टिकचा, मधोमध मोठी गोल खटकी असलेला डीटी-८३० जातीचा मीटर सगळ्यांच्या ओळखीचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो दोनअडीचशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याची काडेपेटीहून थोडी मोठी आवृत्ती किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायची म्हणून विकतात. पेनासारखा, टोकाला सुई आणि अंगावर पडदा असलेला एक प्रकार आहे. पत्त्याएवढा चपटा आणि यूएसबीवर चार्ज होणारा, बटण न दाबता स्वतःच ‘हे व्होल्टेज, हा रोध’ असे ओळखणारा ‘स्मार्ट’ प्रकारही आहे. सगळ्यांना एकाच तराजूत तोलून ‘हे खेळणे आहे’ म्हणणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. माझे म्हणणे असे आहे की मीटर लहान असण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. लहान करताना काहीतरी सोडावे लागते. चांगला निर्माता काही कामे सोडतो. वाईट निर्माता कामे सगळी ठेवतो आणि संरक्षण सोडतो. मीटरच्या आकाराकडे न पाहता त्यातून काय वगळले आहे ते पाहिले, तर निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

मोजण्यासाठी मीटर मोठा असावा लागतो, ही समजूत जुन्या काळातून आलेली आहे. ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३ साली अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकत्र मोजणारा ‘अ‍ॅव्हो’ मीटर बाजारात आला. काटा, लोहचुंबक, तारेचे वेटोळे, जाड रोधक यांमुळे तो जड होता आणि टेबलावरच बसे. आपल्याकडे या उद्योगाचे मोठे ठिकाण नाशिक. मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर जुन्या कार्यशाळांत आजही दिसतात, आणि १९८२ साली सुरू झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सही तिथलीच. पुढे आयसीएल ७१०६ सारख्या चिपने साडेतीन अंकी आकडा मोजण्याचे आणि दाखवण्याचे सगळे काम एका नखाएवढ्या जागेत आणले, आणि डीटी-८३० चे कुळ याच चिपवर उभे राहिले. मोजणीची जागा अशी जवळपास शून्यावर आली. तरी आज चांगल्या कंपनीचा मीटर हातभर नसला तरी मूठभर जाड का असतो? आतली जागा कशाने भरलेली असते? मोठ्या फ्यूजने, लाट शोषणाऱ्या भागांनी, आणि बहुतांश नुसत्या हवेने. त्या मोकळ्या जागेचेच पैसे आपण मोजतो, आणि छोट्या मीटरमध्ये सगळ्यांत आधी गायब होते तीही तीच.

हवेला इतके महत्त्व का, हे समजायला मीटरवर छापलेल्या ‘कॅट’ या शब्दाकडे वळावे लागते. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाने मोजमापाच्या जागांचे वर्ग पाडले आहेत. भिंतीतल्या सॉकेटला लावलेली उपकरणे कॅट २ मध्ये येतात. इमारतीतली कायमची वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड कॅट ३ मध्ये. आणि वीज जिथून आत शिरते तो भाग, म्हणजे महावितरणचा मीटर, सर्व्हिस वायर, बाहेरचा खांब, हा कॅट ४. वर्ग पाडण्याचे कारण २३० व्होल्ट नाही, ते तर सगळीकडे तेच आहेत. कारण आहे क्षणभर उसळणारी लाट. दूर कुठे वीज पडली, मोठी मोटर बंद झाली, लाइन गेली आणि आली, की तारेवर काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्ट चढतात. ६०० व्होल्ट कॅट ३ म्हणवणाऱ्या मीटरला ६,००० व्होल्टचा असा धक्का सोसून दाखवावा लागतो. गंमत अशी की १,००० व्होल्ट कॅट २ लाही ६,००० व्होल्टचाच धक्का देतात. पण तो देणाऱ्या यंत्राचा अंतर्गत रोध कॅट २ साठी १२ ओहम असतो आणि कॅट ३ साठी फक्त २ ओहम. म्हणजे मीटर आतून फुटलाच तर एका ठिकाणी ५०० अँपिअर वाहतील, दुसऱ्या ठिकाणी ३,०००. खटकीवर ‘१०००’ असा आकडा छापला आहे म्हणून मीटर दणकट, असे समजणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

आता हा हिशेब गावात आणू. आपल्याकडे ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात तो १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्या ४३३ व्होल्टच्या बाजूला पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर. अशा ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत अडथळा साधारण साडेचार टक्के असतो, म्हणून त्याच्या तोंडाशीच शॉर्ट झाले तर सुमारे ३,००० अँपिअर वाहू शकतात. तारेचे अंतर वाढेल तसा हा आकडा झपाट्याने उतरतो. खांबापासून कारखान्यापर्यंत तीस मीटर चार चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअमची सर्व्हिस वायर आली असेल, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.४२ ओहम, आणि बोर्डाशी शॉर्टचा प्रवाह फार तर पाचेकशे अँपिअर. पुढे वीस मीटर साध्या एक चौरस मिलिमीटरच्या एक्स्टेन्शनच्या टोकाला तो दोनशेच्या घरात येतो. ‘दोनशेच ना’ असे वाटेल. पण स्वस्त मीटरमधली काचेची छोटी फ्यूज मानकाप्रमाणे फक्त ३५ अँपिअरपर्यंतचा, किंवा मोठ्या फ्यूजला स्वतःच्या क्षमतेच्या दहापट, शॉर्ट सुरक्षितपणे तोडू शकते. त्याहून जास्त आला की तार वितळते, पण तिच्या जागी ठिणगीची कमान पेटून प्रवाह चालूच राहू शकतो, आणि काच फुटते. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेली, दहा हजार अँपिअर वा अधिक तोडू शकणारी बोटाएवढी फ्यूज असते. किल्ल्यांच्या जुडग्यात ती मावणारच नाही.

त्यातही सगळ्यांत वाईट गोष्ट डीटी-८३० जातीच्या मीटरवर उघड छापलेली असते, पण वाचतो कोण. तीन भोकांपैकी ‘१० ए’ लिहिलेल्या भोकाशेजारी बहुधा ‘अनफ्यूज्ड’ असा शब्द असतो. म्हणजे त्या भोकापासून ‘कॉम’च्या भोकापर्यंत एक जाड तारेचा तुकडा आहे, आणि मध्ये काहीही नाही. करंट मोजून झाल्यावर लाल वायर तिथेच विसरली आणि पुढच्या माणसाने तीच टोके सॉकेटात घातली, की त्याने हातात धरून सरळ शॉर्ट केला. खटकी व्होल्टवर आहे की नाही याला काही अर्थ उरत नाही. मागे नीट बसवलेला एमसीबी असेल तर तो दोनशे अँपिअरला क्षणात पडतो आणि बहुतेक वेळा वायर काळी पडण्यावर निभावते. पण मागे किटकॅट फ्यूज असेल आणि त्यात फ्यूजवायरऐवजी तांब्याच्या दोन जाड तारा गुंडाळलेल्या असतील, तर मीटर, त्याच्या वायरी आणि धरणाऱ्याचे बोट, यांतले जे आधी जळेल तीच फ्यूज. याच मीटरच्या तोंडावर ट्रान्झिस्टर तपासायचे आठ बारीक छिद्रांचे सॉकेट असते. त्याच्या पट्ट्या आतून मोजणीच्या सर्किटाशी जोडलेल्या असू शकतात. २३० व्होल्ट मोजताना ओल्या बोटाने त्यावर हात ठेवणे शहाणपणाचे नाही.

कोकणच्या हवेचा मुद्दा याहून कमी बोलला जातो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन जिवंत भागांत किती अंतर ठेवायचे याचे आकडे मानकात आहेत: ३०० व्होल्ट कॅट ३ ला दुहेरी संरक्षण देणारे हवेतले अंतर सुमारे सहा मिलिमीटर, ६०० व्होल्ट कॅट ३ ला साडेदहाच्या आसपास. ज्या मीटरची एकूण जाडीच सेंटिमीटरभर आहे आणि ज्याच्या दोन पिनांमध्ये बोटभरही जागा नाही, त्याच्या अंगावर ‘६०० व्होल्ट कॅट ३’ असे छापलेले दिसले तर छापणाऱ्यावर संशय घ्यायला एवढा पुरावा पुरेसा आहे. पण ही अंतरे पाळलेल्या मीटरबद्दलही मानकाने काही गृहीत धरले आहे. ते गृहीत असे की हवेतली आर्द्रता ३१ अंशांपर्यंत जास्तीत जास्त ८० टक्के असेल आणि त्यापुढे तापमान वाढेल तशी कमी होईल. शिवाय मीटरवर बसणारी धूळ कोरडी, वीज न वाहणारी असेल, क्वचित कधी दव पडेल तेवढेच. जुलैतल्या जोह्यात यातले एकही गृहीत टिकत नाही. आर्द्रता दिवसचे दिवस ८० च्या वर राहते, आणि शेडमधली धूळ म्हणजे ओलसर प्लास्टर, माती आणि रंग. सर्किट बोर्डावर धूळ आणि तिच्यावर ओल अशी जोडी जमली की वीज हवेतून उडी न मारता पृष्ठभागावरून सरपटते. मोठ्या मीटरमध्ये अंतरे मुळात जास्त ठेवलेली असल्याने तो हे निभावून नेतो. छोट्याकडे ही उधळपट्टी करायला जागा नसते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग लहान मीटर फेकूनच द्यावेत. तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा जपानमधून येतो. हिओकी आणि सानवा या दोन नावाजलेल्या कंपन्या गेली अनेक वर्षे खिशात मावणारे कार्ड मीटर बनवत आल्या आहेत. हिओकीचा ३२४४ मालिकेतला मीटर आणि सानवाचा पीएम-३ हे दोन्ही जाडीला सेंटिमीटरहून कमी. व्होल्टेज मोजतात ते पाचशेपर्यंत. त्यांच्यात अँपिअर मोजायची सोयच नाही. करंटचे भोक नाही, म्हणून लाल वायर चुकीच्या भोकात राहण्याचा प्रश्न नाही. वायरी कायमच्या जोडलेल्या, म्हणून त्या बदलताना होणारा घोळ नाही. मोठी फ्यूज नको, म्हणून तिची जागा वाचली. व्होल्ट आणि ओहमच्या सर्किटात प्रवाह मोठ्या रोधकांनी आधीच अडवता येतो, त्यामुळे तिथे थोड्या जागेतही बरेच संरक्षण बसते. हे मीटर आपल्या पिवळ्या मीटरच्या कितीतरी पट महाग पडतात, हे खरे. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट नक्की होते: लहानपणा आणि धोका ही जोडी निसर्गनियम नाही, तो निर्मात्याचा निर्णय आहे.

सुरक्षिततेइतकाच उपयुक्ततेचा प्रश्न आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण मीटर फुटण्यापेक्षा मीटरने खोटे सांगणे जास्त वेळा घडते. सगळ्यांत घातक खोटे म्हणजे शून्य. स्वस्त वायरींत तांब्याचे चारसहा केस असतात, ते प्लगच्या मुळाशी आतल्या आत तुटतात, आणि मग जिवंत सॉकेटवरही पडदा शून्य दाखवतो. वायरमन मंडळींत जुना नियम आहे: आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर तपासायचा, मग संशयित जागा मोजायची, मग पुन्हा चालू सॉकेट. छोट्या मीटरला हा नियम दुप्पट लागू. बॅटरी उतरली की डीटी-८३० जातीचे मीटर खरे आकडे सोडून वर जाऊ लागतात, आणि काहींत उतरल्याची खूणही नसते. बटण सेलवर चालणाऱ्या किल्लीच्या मीटरचा सेल तर नेमका हवा तेव्हा गेलेला असतो. उलट दिशेचे खोटेही आहे. मीटरचा आतला रोध मोठा असतो, त्यामुळे जिवंत वायरशेजारून जाणाऱ्या तुटक्या वायरवरही साठसत्तर व्होल्ट दिसतात. तिथे टेस्ट लॅम्प लावला तर पेटत नाही. या बाबतीत जुना टेस्ट लॅम्प नव्या मीटरपेक्षा खरे बोलतो, हे त्याच्या टीकाकारांनी मान्य करायला हवे. ‘स्मार्ट’ मीटर तर एक व्होल्टहून कमी दिसले की आपणच रोध मोजायला लागतात, आणि घाईत पडद्यावरचा आकडा कशाचा आहे हे कळत नाही. न टेकवता वीज ओळखणारी सोय धातूच्या पाइपातल्या वायरीपुढे मुकी होते. तिने ‘आहे’ म्हटले तर मानावे, ‘नाही’ म्हटले तर मानू नये. यूएसबीवर चार्ज होणारा मीटर चार्जिंगला लावलेला असताना मोजायला घेणे पूर्णच टाळावे, कारण आत वेगळेपणा नीट राखला नसेल तर फेज सरळ चार्जरच्या वायरीत आणि तिथून पुढे कुठेही जाऊ शकते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वर्षानुवर्षे हेच मीटर वापरतो, एकही फुटला नाही. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि वरचा हिशेबच त्याचे उत्तर देतो. एक्स्टेन्शनच्या टोकाला, मागे एमसीबी असताना, खटकी आणि वायर जागच्या जागी असताना, हा मीटर खरोखरच फारसा धोकादायक नसतो. अपघाताला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: वायर करंटच्या भोकात, जागा डीपीच्या जवळ, मागचे संरक्षण कुचकामी. हे क्वचित जुळते. पण जुळते तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही. देशात दर वर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि यातले बहुसंख्य मृत्यू तुटलेल्या तारा, तारांवर टाकलेले आकडे, नसलेले अर्थिंग यांच्या खाती जातात, मीटरच्या नव्हे, हेही मी नाकारत नाही. म्हणूनच चुकीच्या शून्यावर विश्वास ठेवून उघड्या वायरीला हात लावणे हा मला मीटर फुटण्यापेक्षा मोठा धोका वाटतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. हंगामी उत्पन्नावर चालणाऱ्या कारखान्याने दोनतीन हजारांचा मीटर का घ्यावा, जेव्हा दीडशे रुपयांत टेस्टर मिळतो? टेस्टरबद्दल आदर ठेवूनही सांगावे लागते की त्याचा निऑन दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. माणूस लाकडी फळीवर किंवा कोरड्या रबरी चपलेवर उभा असेल तर तो मंद होतो किंवा दिसतच नाही, आणि दिवसाच्या उजेडात तर मुळीच. शिवाय तो न्यूट्रल तुटला आहे का ते सांगत नाही, व्होल्टेज १७० वर आले आहे की २३० आहे ते सांगत नाही. कंप्रेसरची मोटर घुमते पण उचलत नाही, तेव्हा नेमके हेच हवे असते. लांब, बारीक एक्स्टेन्शनवर सुरू होताना मोटरला व्होल्टेज किती पडते, हे कळले तर जाड वायर घ्यायची की कपॅसिटर बदलायचा हे ठरते, आणि तेवढ्यात मीटरची किंमत वसूल होते. त्यासाठी साधा मीटरही पुरतो. फक्त डीटी-८३० वर एसीच्या दोनच पायऱ्या असतात, २०० आणि ७५०, म्हणून खटकी ७५० वर हवी, नाहीतर पडद्याच्या डावीकडे नुसता ‘१’ दिसतो आणि लोक मीटर बिघडला म्हणतात.

मीटर जे करू शकत नाही तेही इथे नोंदवायला हवे, कारण बीप वाजला की अर्थिंग चांगले, असा समज गावोगाव आहे. कंटिन्युइटी तपासताना मीटर मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सोडतो. गंजलेला एकच धागा शिल्लक असला तरी तो बीप देतो. खऱ्या शॉर्टच्या वेळी तो धागा टिकणार नाही. जमिनीतल्या अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजायचा, वायरच्या आवरणाचा दर्जा ५०० व्होल्टच्या मेगरने. ओल्या शेडमध्ये ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी बसवला आहे का, हे तर डोळ्यांनीच पाहायचे. यातली पहिली दोन कामे परवानाधारक वायरमनची. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला डोलवीचा पोलाद कारखाना किंवा शेजारच्या रोह्यातली धाटावची रासायनिक वसाहत घेतली, तर तिथे पॅनलसमोर जाणाऱ्या माणसाच्या हातात कॅट ३ किंवा कॅट ४ चाच मीटर असायला हवा, आणि ज्वालाग्राही वाफा असलेल्या विभागात त्यासाठीच प्रमाणित केलेला. तिथे किल्लीच्या मीटरची चर्चाच नको.

जोह्याच्या शेडपुरते बोलायचे, तर मेन बोर्ड आणि कंप्रेसरचा सॉकेट बऱ्याचदा एकाच फळीवर असतात. कागदावरचे कॅट २ आणि कॅट ३ तिथे हातभर अंतरात येतात. म्हणून निदान एक मीटर ६०० व्होल्ट कॅट ३ चा, ओळखीच्या कंपनीचा असावा, आणि बोर्ड उघडताना तोच वापरावा. त्याच्या टोकांची उघडी सुई ब्रिटिश सुरक्षा मार्गदर्शनानुसार चार मिलिमीटरहून जास्त नसावी; जास्त असेल तर वर आवरण चढवावे. घरात आधीच पिवळा मीटर असेल तर त्याचे ‘१० ए’चे भोक एपॉक्सीने कायमचे बुजवावे. गावात दहा अँपिअर डीसी मोजायची वेळ वर्षाकाठी कुणावर येते? एवढे केल्याने तो कॅट ३ होत नाही, पण त्यातली सगळ्यांत मोठी चूक करायची सोय बंद होते. मग त्याला बोर्डापासून दूर, त्याच्या खऱ्या कामाला लावावे: बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या, अ‍ॅडॉप्टर, चलत देखाव्यातल्या डीसी मोटरी, इन्व्हर्टर बंद करून काढलेल्या बॅटरीचे व्होल्टेज, मखराच्या माळेत तुटलेली जोडणी शोधणे. या कामांत दोनशे रुपयांचा मीटर दोन हजारांच्या मीटरइतकेच खरे सांगतो, आणि किल्लीच्या जुडग्यातला तर खिशातच असतो.